वाटणीच्या आधी वाट

प्रश्न: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या हद्दीत आमची बारा गुंठे बिनशेती जागा आहे. बाबांनी ती १९८८ मध्ये विकत घेतली आणि रस्त्याकडच्या बाजूला घर बांधलं. जागा रस्त्याला ६६ फूट आणि आत १९८ फूट आहे. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. मृत्युपत्र नव्हतं. सातबाऱ्यावर आई, दादा, मी आणि धाकटा भाऊ अशी चार नावं लागली आहेत. दादा म्हणतो, चार-चार गुंठ्यांचे तीन चौकोन पाडू : पुढचा घरासह त्याला, मधला धाकट्याला, मागचा मला. आई त्याच्याकडेच राहते, तर तिचा वेगळा हिस्सा कशाला? घराच्या उजव्या अंगाला वीस फूट मोकळी जागा आहे, त्यातून आठ फुटांची वाट ठेवू. बोअर मागच्या टोकाला आहे, शौचालयाची टाकी घराच्या मागे. पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरी करायची, अडचण आली तर पुढे गुंठेवारीत नियमित करून घ्यायचं, असा त्याचा बेत आहे. धाकटा म्हणतो, तुकडेबंदीमुळे वाटणी होणारच नाही. माझ्या हिश्श्याला गिऱ्हाईक आलंय आणि ते इसार द्यायला तयार आहे. पुढच्या महिन्यात सह्यांना बोलावलंय. मी शिक्षिका आहे, या कागदांतलं मला फारसं कळत नाही. भांडण नको आहे. सही करू का?
– एक वाचक, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

या कागदावर सही करू नका. इसारही घेऊ नका. आणि दादांवर रागावूही नका, कारण त्यांनी जे सुचवलंय ते गावोगाव होतं आणि बहुतेकांना ते बरोबरच वाटतं. मी तीस वर्षं भूमि अभिलेख खात्यात मोजणी केली. प्लेन टेबल आणि साखळीपासून उपग्रहाच्या मदतीने मोजणाऱ्या रोव्हरपर्यंत सगळं हाताळलं. भावाभावांत वैर घालणारे जे बांध मी पाहिले, त्यांतले बहुतेक कुणाच्या लबाडीमुळे नव्हे, तर अशाच घाईत लिहिलेल्या, चांगल्या मनाच्या कागदांमुळे पडलेले होते.

तुमच्या पत्रात तीन वेगळी कामं एकात मिसळली आहेत. कोणाचा किती हक्क, ही झाली वाटणी. ती माणसांत होते. एका प्लॉटचे दोन-चार प्लॉट करणं हे विभाजन. ते जमिनीचं होतं आणि त्याला नगरपरिषदेची मंजुरी लागते. तिसरं काम नोंदीचं, ते भूमि अभिलेख आणि तलाठी यांच्या दप्तरात होतं. नोटरीच्या कागदाने यातलं एकही पूर्ण होत नाही. नोटरी फक्त एवढंच सांगतो, की या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या. स्थावर मालमत्तेत ज्या दस्ताने हक्क निर्माण होतो किंवा संपतो, तो १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो.

आधी आईंचं बोलू.

जागा बाबांनी स्वतः विकत घेतली होती आणि मृत्युपत्र नव्हतं. तेव्हा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. बाबांच्या आई त्या वेळी हयात असत्या तर त्याही यात आल्या असत्या. तुमच्या उताऱ्यावर चारच नावं आहेत, म्हणून हिस्से चार धरतो. प्रत्येकाला तीन गुंठे. तीन चौकोनांचा हिशोब तिथेच चुकला. आई कोणाकडे राहतात यावर त्यांचा हक्क ठरत नाही. त्यांनी आपखुशीने हक्क सोडला तर गोष्ट वेगळी, पण ते हक्कसोडपत्र नोंदणीकृत असलं पाहिजे, आणि सहीच्या आधी त्यांना एकटीला बसवून, कोणी घाई न करता, समजावून सांगितलं पाहिजे. हक्क सोडल्यावर ज्या घरात त्यांनी संसार केला, त्याच घरात त्या कायद्याच्या दृष्टीने केवळ मुलाच्या मर्जीने राहणाऱ्या होतात. म्हणून माझा आग्रह आहे : त्यांनी हिस्सा ठेवावा. सोडायचाच असेल तर तहहयात त्या घरात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट दस्तातच लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ अशाच वेळी उपयोगी पडतं, पण त्याचा आधार घ्यायचा तर अट दस्तात स्पष्ट दिसली पाहिजे. तोंडी ‘आईला आम्ही बघूच’ याला तिथे वजन नाही.

आता धाकट्याची शंका. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे आणि तो शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊन कसणं परवडेनासं होऊ नये म्हणून आला. तुमची जागा बिनशेती आहे, नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. तो कायदा तुमच्या आड येत नाही. गोंधळ कुठून आला तेही सांगतो. १२ जुलै २०२१ ला नोंदणी विभागाने एक परिपत्रक काढलं. मंजूर रेखांकन, म्हणजे प्लॉट आणि रस्ते दाखवणारा नकाशा, नसलेल्या एक-दोन गुंठ्यांचे दस्त त्यानंतर नोंदवले जाईनात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते रद्द केलं, आणि २०२५ मध्ये सरकारनेही तुकडेबंदी सैल करायला सुरुवात केली. लोकांच्या डोक्यात मात्र ‘गुंठ्याची खरेदी बंद’ एवढंच राहिलं.

आणि दादांचा गुंठेवारीचा भरवसा. गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट. गुंठेवारी नियमित करण्याच्या २००१ च्या कायद्याची मुदत पुढे वाढवून ३१ डिसेंबर २०२० केली गेली. त्या तारखेआधी पडलेल्या गुंठेवारीसाठी ती सोय आहे. आज पाडलेला तुकडा त्यात बसत नाही. पुढे कधीतरी सूट मिळेल म्हणून आज चुकीचं करायचं, हा बेत घरातल्या माणसांसाठी तरी करू नये.

आता खरा मुद्दा. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती आठ फुटांची वाट.

जागेचा आकार बघा. ६६ फूट बाय १९८ फूट म्हणजे १३,०६८ चौरस फूट, बरोबर बारा गुंठे. आमच्या जुन्या साखळीची लांबी ३३ फूट, म्हणजे जागा दोन साखळ्या रुंद आणि सहा साखळ्या लांब. तीन चौकोन केले की प्रत्येक ६६ बाय ६६. कागदावर इतकं देखणं वाटप क्वचित निघतं! पण रस्ता फक्त पुढच्या चौकोनाला आहे. मधला आणि मागचा चौकोन त्या वाटेच्या जीवावर जगणार.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात जमिनीचं रेखांकन आणि विभाजन हेही येतं. म्हणून एक वीटसुद्धा न रचता नुसती जागा विभागायची असली तरी परवानगी लागते. मुंबई आणि थोडी क्षेत्रं सोडून राज्यभर आता एकच नियमावली आहे, डिसेंबर २०२० पासूनची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. तिचा पहिला प्रश्न असतो : प्रत्येक नव्या प्लॉटला रस्ता आहे का? गावठाणाबाहेरच्या नव्या रेखांकनात आतला रस्ता सहसा ९ मीटरपासून सुरू होतो. ९ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. मागच्या चौकोनापर्यंत तो न्यायचा तर लांबी १३२ फूट, आणि त्यात जागा गेली सुमारे ३,९०० चौरस फूट. साडेतीन गुंठ्यांहून थोडी जास्त. म्हणजे एका वारसाचा पूर्ण हिस्सा आणि वर थोडं. शिवाय तुमच्या घराशेजारी मोकळी जागा वीसच फूट. ६ मीटरची वाट तिथून जेमतेम जाते, ९ मीटरची घर पाडल्याशिवाय जात नाही.

म्हणून वाटणीच्या आधी वाट. ‘तुला चार गुंठे, मला चार गुंठे’ हे बोलणं थांबवा आणि आधी नकाशावर रस्ता काढा. तो कोणाच्या हिश्श्यातून न कापता बारा गुंठ्यांतून वजा करा, आणि उरेल त्याचे हिस्से करा. दादांच्या मांडणीत वाट पुढच्या दोघांच्या जमिनीतून जाते, मालकी त्यांची राहते आणि तुम्हाला फक्त मेहेरबानीचं जाणं-येणं मिळतं. आज दादा आहेत, तोवर कोणी अडवणार नाही. त्यांची मुलं, त्यांच्या सुना, किंवा त्यांनी पुढे ज्याला जागा विकली तो माणूस? मी एका मोजणीला गेलो होतो. सख्ख्या चुलत भावांमधली पाच फुटांची बोळ. एकाने तिथे मोटारसायकलींसाठी पत्र्याची शेड घातली होती. मागच्या घरातल्या म्हातारीला दवाखान्यात न्यायला रुग्णवाहिका आत येईना, तिला खाटेवर घालून रस्त्यावर आणलेलं शेजाऱ्यांनी मला सांगितलं. कागदात ‘वहिवाटीप्रमाणे जाणे-येणे’ एवढंच लिहिलं होतं. रुंदी नाही, नकाशा नाही. शेतरस्त्यासाठी तहसीलदारांकडे दाद मागता येते. घराच्या जागेच्या वाटेसाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिथे वर्षं जातात.

नुसती वाट नव्हे, नवी हद्दही त्रास देते. आज घराच्या मागे मोकळं अंगण आहे. उद्या त्यात रेषा पडली की घराची मागची भिंत त्या रेषेपासून किती अंतरावर येते, हे बघितलं जातं. नियमाइतकी सामासिक जागा, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, सुटत नसेल तर अनेक वर्षांचं घर एका रेषेमुळे अडचणीत येतं. शौचालयाची टाकी मधल्या तुकड्यात जाणार, बोअर तुमच्यात. उद्या तुम्ही जागा विकलीत, तर दादांच्या घरचं पाणी परक्याच्या मालकीचं झालं. हे कोणी मुद्दाम करत नाही, लक्षातच येत नाही. टाकी हलवायची, बोअरचा हक्क आणि पाइपलाइनची जागा दस्तात लिहायची की नवं बोअर घ्यायचं, हे आजच ठरवा.

तर मग करायचं काय? तुमच्या जागेपुरतं माझं मत स्पष्ट आहे : चार तुकडे करू नका. दोन करा. पुढचा प्लॉट घरासह आई आणि दादांच्या नावे, मागचा तुम्हा दोघा धाकट्यांच्या नावे. पुढच्या प्लॉटच्या उजव्या अंगाने, पूर्ण मोकळ्या पट्ट्यातून मागच्या प्लॉटला वाट. एका मागच्या प्लॉटसाठी तेवढी वाट चालते का, हे ठरवण्याचा अधिकार नगररचना अधिकाऱ्याचा. म्हणून परवानाधारक वास्तुविशारदाकडून दोन-तीन पर्यायांचे कच्चे नकाशे काढून घ्या आणि अर्ज करण्याआधी ते नगरपरिषदेच्या नगररचना शाखेत दाखवा. या चौकशीला फारसा खर्च नाही, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेला दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. तुमची जागा सुमारे १,२१४ चौरस मीटर, तेव्हा तो भार तुमच्यावर नाही.

वाट बसतच नसेल, तर जमीन कापण्याचा हट्ट सोडा. घराची आणि जागेची किंमत काढून दादांनी घर ठेवावं आणि बाकीच्यांना फरकाची रक्कम द्यावी. किंवा जागा एकसंध ठेवून, सगळ्यांनी मिळून इमारत बांधून मजले वाटून घ्यावेत. त्यासाठी १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा आहे. १८९३ च्या वाटणी कायद्यानेही कोर्टाला हेच सुचतं : ज्या मालमत्तेचे सोयीने भाग होत नाहीत, ती विकून पैसे वाटावेत, आणि हिस्सेदारांपैकी कोणाला घ्यायची असेल तर त्याला ठरलेल्या किमतीला घेऊ द्यावी. कोर्टात दहा वर्षं घालवून जिथे पोचायचं, तिथे घरातल्या बैठकीत एका दिवाळीत पोचता येतं.

समजा विभाजन होण्यासारखं आहे. मग पहिली गोष्ट कागदांची. बाबांचं खरेदीखत, खरेदीपासूनचे सगळे फेरफार, बिनशेती आदेश आणि त्याच्यासोबतचा मंजूर नकाशा, झोन दाखला, घरपट्टी. यात बिनशेती आदेश नीट वाचा. तुमची जागा जुन्या मंजूर रेखांकनातला एक प्लॉट असू शकते, आणि तसं असेल तर ते रेखांकन सुधारून घ्यावं लागतं. आदेशात कधी कधी पोटविभाजनाबद्दल अटही असते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागत नाही अशी मालकी) आहे ना, इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा उरला नाही ना, तेही बघा. कर्ज फिटलं पण बोजा कमी केला नाही, असे उतारे मी शेकड्याने पाहिले आहेत.

मग मोजणी. आधी हद्द कायम मोजणी करून घ्या, म्हणजे जागा कागदावर बारा गुंठे आहे तशी प्रत्यक्षात भरते का ते कळेल. शेजाऱ्याचं कुंपण दीड फूट आत आलेलं असणं ही रोजची गोष्ट. १९८ फुटांच्या लांबीवर दीड फूट म्हणजे जवळजवळ तीनशे चौरस फूट. तुमच्या तीन गुंठ्यांतला अकरावा भाग. हे वाटणीनंतर कळलं की ज्याच्या बाजूला तूट निघेल त्यालाच ती सोसावी लागते, आणि मग ‘तुम्हाला माहीत होतं’ हे वाक्य घरात शिरतं. अर्ज ऑनलाइन होतो, नेहमीची आणि द्रुतगती असे दोन दर असतात. घाई नसेल तर नेहमीची पुरे.

त्यानंतर चौघांच्या सहीने नगरपरिषदेत विभाजनाचा प्रस्ताव. तात्पुरती मंजुरी आली की मंजूर नकाशाप्रमाणे जागेवर आखणी, तिची भूमि अभिलेखची मोजणी आणि मग अंतिम मंजुरी. वाटणीपत्र यानंतर करा. क्रम उलटा झाला की दस्तातल्या चतुःसीमा एक बोलतात आणि मंजूर नकाशा दुसरंच. दस्तात प्लॉट नंबर, चारी बाजूंची मापं, वाटेची रुंदी, ती सामाईक मालकीची असल्याचा उल्लेख, बोअर आणि पाइपलाइन, हे सगळं असावं, आणि मंजूर नकाशा दस्ताचा भाग म्हणून जोडावा, त्यावरही चौघांच्या सह्या. मुद्रांक शुल्काची फार धास्ती घेऊ नका : वाटणीपत्रात सर्वांत मोठा हिस्सा वगळून उरलेल्या हिश्श्यांच्या मूल्यावर ते लागतं, पूर्ण मालमत्तेवर नाही.

दस्त झाला म्हणजे काम संपलं असं समजून लोक घरी जातात. तसं करू नका. नवे प्लॉट सरकारी दप्तरात वेगळे व्हायला भूमि अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा तक्ता) व्हावं लागतं, त्यावरून फेरफार पडतो, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात, आणि मग स्वतंत्र उतारे निघतात. एकाच उताऱ्यावर नावासमोर ‘तीन गुंठे’ लिहून आलं म्हणजे जमीन वेगळी झाली नाही. ते तीन गुंठे कुठले, हे फक्त नकाशा सांगतो. तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. शेतजमिनीला तो रस्ता चांगला आहे. तुमच्या जागेची नगररचनेची मंजुरी त्याने चुकत नाही.

गिऱ्हाईकाला सांगा की स्वतंत्र उतारा निघाल्यावर बोलू. आज इसार घेतलात तर ज्या प्लॉटला अजून अस्तित्वच नाही, तो ठरल्या मुदतीत देण्याचं वचन तुम्ही द्याल. मुदत चुकली की तो तुमच्या मागे लागेल आणि तुम्ही भावांच्या. शिवाय मंजूर विभाजन नसलेल्या तुकड्यावर त्याला बांधकाम परवानगी मिळायची नाही, बँक कर्ज द्यायची नाही. हे माहीत असूनही जो घाई करतो, त्याने किमतीतून तेवढं कापून घेतलेलं असतं. एक गोष्ट त्याने कदाचित तुम्हाला सांगितली नसेल : राहत्या घराच्या अविभक्त हिश्श्याची खरेदी परक्याने केली, तरी त्याला घरच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. म्हणजे आजच्या स्थितीत तो जे विकत घेईल, ते मुख्यतः वाटपाचा दावा लावण्याचा हक्क असेल. तो दावा तुमच्या आईवर लागेल. आणि पुढे विक्री कराल तेव्हा भांडवली नफ्याचा कर असतो. जागा १९८८ ची असल्याने १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, ते मूल्यांकन आताच करून ठेवा.

भांडण नको, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा ‘सही करणार नाही’ असा निरोप कोल्हापुरातून फोनवर पाठवू नका. ठरल्या दिवशी जा. जाताना पन्नास फुटी टेप आणि चुन्याची पिशवी न्या. चहा झाला की सगळ्यांनी मागे जा आणि दादांच्याच बेताप्रमाणे जमिनीवर फक्की मारा : ६६ फुटांवर एक रेषा, १३२ फुटांवर दुसरी, कडेने आठ फुटांची वाट. मग धाकट्याला त्याची गाडी त्या वाटेने मागच्या चौकोनापर्यंत न्यायला सांगा आणि वळवून परत आणायला सांगा. घराच्या मागच्या भिंतीपासून पहिली रेषा किती आली, टाकी कुठल्या बाजूला पडली, हे आईंसमोर बघा. वाद घालावा लागणार नाही, सगळ्यांना दिसेलच.

आणि त्याच दिवशी हद्द कायम मोजणीच्या अर्जावर चौघांच्या सह्या घेऊन या. मोजणीची नोटीस शेजाऱ्यांसकट सगळ्यांना येते. त्या तारखेला तुम्ही स्वतः जागेवर हजर राहा, हद्दीच्या खुणा रोवून होईपर्यंत, आणि नकाशाची ‘क’ प्रत स्वतःच्या नावे मागून घ्या. शाळेत रजेचं आधीच बोलून ठेवा.